हिवाळा, खंड पहिला ते सहावा

आमचे आधार आबा, म्हणजे माझे आजोबा, रेल्वेत गार्ड होते आणि त्यांच्याकडे नाताळच्या गाण्यांच्या रेकॉर्डी आहेत. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे. आम्ही बौद्ध आहोत आणि नाताळ आमच्या घरात कधीच नव्हता, याचा मात्र कशाशीच संबंध नाही.

झालं असं, की भुसावळच्या रेल्वे कॉलनीतला एक अँग्लो-इंडियन ड्रायव्हर सहकुटुंब ऑस्ट्रेलियाला निघाला आणि त्यानं घरातलं सामान विकायला काढलं. आबा टेबलफॅन घ्यायला गेले. फॅन आधीच कोणीतरी नेला होता. रिकाम्या हातानं परत येणं आबांना जमत नाही, म्हणून ते रेकॉर्ड प्लेयर आणि रेकॉर्डींचं एक खोकं घेऊन आले. मे महिना होता. पहिल्याच रेकॉर्डवर एक माणूस अतिशय शांतपणे बर्फाबद्दल गायला लागला. आबांच्या म्हणण्याप्रमाणे खोली थंड झाली. इतरांच्या म्हणण्याप्रमाणे संध्याकाळ झाली होती.

तेव्हापासून आमच्याकडे ही गाणी उन्हाळ्यात लागतात. कैऱ्या आल्या की आबा प्लेयरवरचं फडकं काढतात, पाऊस आला की परत टाकतात. डिसेंबरात एकही रेकॉर्ड लावत नाहीत. "थंडीत थंडी कशाला वाढवायची," म्हणतात. लोकांना हे विचित्र वाटतं. पण भुसावळच्या उन्हाळ्यात जगणं हेच मुळात विचित्र आहे, त्यात कोणी कसं जगावं यावर बोलण्यात अर्थ नाही.

कॉलनीतून जे जे कुटुंब परदेशी गेलं, त्याचा नाताळ आबांनी घेतला. ड्यूटीवर असताना मनमाड, इगतपुरी, नागपूर इथल्या जुन्या बाजारांतूनही रेकॉर्डी आणल्या. आबा गायकांची नावं लक्षात ठेवत नाहीत, स्वभाव ठेवतात. कव्हरवर लाल स्वेटर घातलेला एक आहे, तो 'स्वेटरवाला'. तो गातो तेव्हा नुकताच जेवून उठल्यासारखा वाटतो. मग तीन बहिणी आहेत. एक जाड आवाजाची बाई आहे, जिच्यामुळे आबांनी एकदा रजा वाढवून घेतली होती. एकच गाणं हे सगळे गातात आणि आबांना त्यात फरक दिसतो. "त्या बाईकडे बर्फ ओला पडतो. स्वेटरवाल्याकडे कोरडा."

रेकॉर्डी धान्याच्या पत्र्याच्या कोठीत, कडुनिंबाच्या पाल्यात असतात. उन्हानं त्या वाकतात म्हणून घरातल्या एकुलत्या कूलरचं तोंड कोठीकडे असतं. म्हणजे कूलर रेकॉर्डींना आणि आम्हाला गाणी. आईनं यावर बोलणं केव्हाच सोडून दिलं. पप्पा ऑर्डनन्स फॅक्टरीत आहेत, गुप्तता पाळायची सवय असल्यामुळे ते घरीही काही बोलत नाहीत.

ही गाणी आबांसोबत बसून ऐकणारं घरात एकच माणूस होतं, माझी मोठी बहीण वृषाली. ताईला इंग्रजी कळायच्या आधी ती पाठ होती. मला त्यातलं काहीच आवडत नाही. मी दोन मिनिटांत झोपतो. आबांनी मला यासाठी कधी दोष दिला नाही, फक्त ते माझ्याकडे रिकाम्या डब्याकडे बघावं तसं बघतात.

आणि वृषालीताईचं लग्न ठरलं.

मुलगा धुळ्याचा, युवराज, पाटबंधारे खात्यात. त्याचे वडील तोताराम सर, निवृत्त मुख्याध्यापक. सर चळवळीतले. लग्न पंचवीस डिसेंबरला, कारण तो मनुस्मृती दहन दिन, असं सरांनी पहिल्याच बैठकीत सांगितलं. आबा लगेच हो म्हणाले. सरांना वाटलं, व्याही आपल्या विचारांचे आहेत. आबांना वाटलं, सर रेकॉर्डवाले आहेत. बैठक फार चांगली झाली.

मग चहा आला आणि आबांनी मुद्द्याला हात घातला.

"सर, पोरीसोबत थोडं सामान येईल."

"एक टाचणी नको," सर म्हणाले.

"सामान म्हणजे गाणी आहेत."

"मग आत्ता ऐकवा. ऐकून जातो."

"डिसेंबर जवळ आलाय. आता लावता येत नाहीत."

सरांनी यावर जरा वेळ विचार केला आणि तो सोडून दिला. "आबा, माझ्या तीन भावांच्या लग्नांत आम्ही पाण्याचा तांब्या घेतला नाही. मोठ्या सुनेचे वडील शिलाई मशीन घेऊन आले होते, ते पारोळ्याहून परत पाठवलं. हुंडा नाही, आंदण नाही, वस्तू नाही. गोल असो की चौकोनी."

युवराज हळूच म्हणाला, "मला चालल्या असत्या."

"तुझं लग्न आहे, तू बोलू नकोस," सर म्हणाले.

ते गेल्यावर आबा कोठीजवळ बसले. आई म्हणाली, "राहू द्या ना इथंच. कुठं पळून चालल्यात."

"इथं कोण ऐकेल?"

"तुम्ही."

"मी किती दिवस ऐकेन? मग हा आहे." हा म्हणजे मी. "हा कोठीत गहू भरेल."

तेही खरं होतं, मी भरला असता.

आबांना एवढंच हवं होतं, की रेकॉर्डी ऐकणाऱ्या माणसाकडे जाव्यात. ताईलाही तेच हवं होतं. मग पत्रिका छापून आली. सरांनी स्वतः मजकूर लिहिला होता. खाली ठळक अक्षरांत: आहेर स्वीकारले जाणार नाहीत, पुस्तक आणल्यास आनंद होईल.

आबांनी ती ओळ चष्म्यातून वाचली, मग चष्मा काढून वाचली. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला सोबत घेतलं, कोठीतल्या सगळ्या रेकॉर्डी दोन पोत्यांत भरल्या आणि आम्ही जळगावला वनाभाऊ बाइंडरकडे गेलो.

वनाभाऊ कोर्टाच्या बाजूच्या गल्लीत बसतात. वकिलांची जाडजूड पुस्तकं तेच बांधतात. आबा मूळचे एरंडोलचे, त्यामुळे वनाभाऊंशी ते आपसूक अहिराणीत बोलू लागले, जिच्यात 'आहे'चं 'शे' होतं. वनाभाऊंनी एक रेकॉर्ड काढून उजेडाकडे धरली.

"हाई काय शे?"

"पुस्तक शे."

"पुस्तक गोल ऱ्हास का?"

"पुस्तक चौकोनीच शे. मजकूर गोल शे."

वनाभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. खोटं काही नव्हतं त्यात.

जाड खाकी कागदाची पाकिटं एकात एक शिवायची, प्रत्येक पाकिटात एक रेकॉर्ड, कव्हरची चित्रं शेजारी चिकटवायची, वर पुठ्ठा आणि लाल रेक्झिन. हे ठरलं. मग वनाभाऊ म्हणाले, "कडा कापना पडतीन."

"कापानं नही."

"बिगर कापेल पुस्तक म्हंजे बिगर दाढी करेल नवरदेव."

"ऱ्हाऊ द्या दाढी."

"बरं. पाठवर काय छापू?"

"हिवाळा."

"लेखक?"

आबांनी विचार केला. स्वेटरवाला, तीन बहिणी, ती बाई. "बठ्ठा मिळीसन," ते म्हणाले.

सहा खंड झाले. सोनेरी अक्षरांत 'हिवाळा, खंड पहिला' पासून सहापर्यंत, आणि खाली 'सर्वांनी मिळून'. एकेक खंड दोन हातांनी उचलावा लागे. आबांनी ते घरी सतरंजीवर मांडले आणि ताईला बोलावलं. तिनं पहिला खंड उघडला, पान उलटलं, आणि आत हात घालून रेकॉर्ड अर्धी बाहेर काढली. मग परत ठेवली.

"आबा, सर ओळखतील."

"ओळखू दे. मी लपवत कुठंय? पुस्तक म्हणाले, पुस्तक आणलं."

लग्न सकाळी झालं. ताई पांढऱ्या साडीत, युवराज पांढऱ्या कुर्त्यात, वंदना, त्रिशरण, पंचशील, मंगल मैत्री, हार, सगळं नीट. मग तोताराम सरांनी माइक घेतला, कारण त्यांच्याकडे रीत आहे: आलेलं प्रत्येक पुस्तक मुलाचे वडील स्वतः उघडतात, नाव आणि देणाऱ्याचं नाव वाचून दाखवतात, पुस्तकाविषयी दोन वाक्यं बोलतात. जेवण त्यानंतर. लोक वरणाच्या वासाकडे तोंड करून बसले होते.

चरित्रं झाली, ग्रंथ झाले, कोणीतरी दिलेलं शेळीपालनाचं पुस्तक झालं. सर शेळीविषयीही दोन वाक्यं बोलले. मग मी खंड पहिला स्टेजवर नेऊन ठेवला. टेबल वाजलं.

"हिवाळा, खंड पहिला," सरांनी वाचलं. "सर्वांनी मिळून. देणार, वधूचे आजोबा आधार आबा." त्यांनी पुस्तक उघडलं.

पहिल्या पानावर लाल स्वेटरमधला माणूस हसत होता. सरांनी पुढचं पान चाचपलं, पाकिटात हात घातला आणि काळी रेकॉर्ड बाहेर काढून पाहिली. आमच्याकडच्या मंडळींना माहीत होतंच, ते आबांकडे बघत होते. धुळ्याकडची मंडळी रेकॉर्डकडे बघत होती. ताई बोटातल्या अंगठीकडे.

"आबा, हे कसं वाचायचं?" सरांनी माइकवरच विचारलं.

आबा पहिल्या रांगेतून उठले. "सुई लागते."

सरांनी रेकॉर्ड आत ठेवली. पुस्तक बंद केलं, पाठ पाहिली, शिवण पाहिली, मागच्या पानावरचा बारीक इंग्रजी मजकूर पाहिला. एवढा वेळ त्यांनी आयुष्यात एखाद्या विद्यार्थ्याची कॉपी पकडतानाही घेतला नसेल.

"बांधणी आहे," ते म्हणाले. "मुखपृष्ठ आहे. मजकूर आहे, आपल्याला दिसत नाही एवढंच. पण मी माझ्या शाळेत ब्रेलची पुस्तकं मागवली होती, तीही मला दिसत नव्हती. तेव्हा हे पुस्तक आहे. स्वीकारतो."

आबा खाली बसले. कोणीतरी टाळी वाजवली, ती बहुतेक जेवणासाठी होती.

"आणि आमच्या रीतीप्रमाणे," सर पुढं म्हणाले, "आलेली सगळी पुस्तकं आमच्या वस्तीच्या वाचनालयाला जातील."

आबा परत उठले. सुनेला द्यायचं म्हणावं तर ते आंदण झालं, पुस्तक म्हणावं तर वाचनालय आलं. ते तसेच उभे राहिले, दोन्ही हात मागं, गाडी सुटायच्या आधी गार्ड उभा राहतो तसे.

तेव्हा ताई स्टेजवरून बोलली. नवरीनं माइकशिवाय बोललेलं मागंपर्यंत ऐकू जात नाही, पण गेलं.

"सर, वाचनालय कोण बघतं?"

"तसं कोणी नाही. किल्ली माझ्याकडे आहे. हिलालभाऊ बघायचे, ते मुलाकडे सुरतला गेले."

"मग मी बघेन. संध्याकाळी सहा ते आठ."

"सूनबाई, लग्न आज झालंय."

"आज नाही. सोमवारपासून."

सरांनी युवराजकडे पाहिलं. युवराजला आधी बोलू नकोस म्हणून सांगितलेलं होतं, त्यामुळे तो बोलला नाही. सर म्हणाले, "ग्रंथपाल मिळाला," आणि पुढचं पुस्तक उचललं. तो खंड दुसरा होता. ते त्यावरही दोन वाक्यं बोलले.

रेकॉर्ड प्लेयरचा प्रश्न ताईनंच सोडवला. वस्तू म्हणून तो धुळ्याला जाऊ शकत नव्हता, म्हणून लग्नानंतरच्या पहिल्या पगारातून तिनं स्वतः जुना एक घेतला. वाचनालय मानधन देत नाही, पगार म्हणजे ती शिकवते त्या खासगी शाळेचा.

जानेवारीच्या शेवटी आबा मला घेऊन धुळ्याला गेले. जानेवारीत रेकॉर्ड ऐकायची ही त्यांची पहिलीच वेळ. ते स्वेटर, मफलर, कानटोपी असा पूर्ण बंदोबस्त करून आले होते. वाचनालय एका खोलीचं, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, लांब टेबल, त्याभोवती पोलीस भरतीची तयारी करणारी पाच-सहा पोरं-पोरी. खंड कपाटात संदर्भग्रंथांच्या खणात, प्रत्येकावर गोल शिक्का.

आबा कपाटाकडे गेले तशी ताई म्हणाली, "सभासद आहात का?"

"वृषाली, मी आहे."

"ते दिसतंय. दोन फोटो लागतील."

मी बाहेर जाऊन फोटो काढून आणले. आबांनी सही केली. ताईनं खंड दुसरा काढला आणि जाड आवाजाची बाई लावली, आवाज अगदी बारीक, कारण वाचनालयात शांतता पाळावी लागते. सुरुवातीला एकच खरखर होती. मग ती बाई आली. पोरं गणितं सोडवत राहिली. एका पोरीचा पाय टेबलाखाली हलत होता. तोताराम सर कोपऱ्यातल्या खुर्चीत ताठ बसले होते, शाळा तपासणीला आल्यासारखे. बाजू संपल्यावर त्यांनी बोट वर केलं. ताईनं पान उलटावं तशी रेकॉर्ड उलटली.

सगळं संपल्यावर सर आबांना म्हणाले, "खंड पहिला चांगला आहे. दुसरा मला पटला नाही. तोच बर्फ, तीच घंटा. नवा विचार नाही."

आबांनी चहा घेतला, ताईच्या डोक्यावर हात ठेवला आणि आम्ही एसटीत बसलो. पारोळा गेलं. एरंडोल गेलं. त्यांचं गाव, पण त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं नाही.

जळगाव जवळ आल्यावर ते म्हणाले, "चुकतोय माणूस. दुसरा खंडच खरा आहे. पहिला सोपा असतो, सगळ्यांना आवडतो."

"मग तिथंच सांगायचं ना," मी म्हटलं.

"नाही. दोनदा ऐकू दे त्याला. मग बोलू." त्यांनी कानटोपी काढून मांडीवर ठेवली. "पुढच्या रविवारची गाडी किती वाजता आहे, ते बघून ठेव."