सातेरीच्या तसबिरीमागचे पाकीट

मित्रांनो, सुर्ल्याच्या गुरुदासबाबांचा मी एक जुना टिपर, खाणीचा माल वाहणारा ट्रक. माझा मूळ रंग पिवळा होता, हे आता सांगूनच कळते. खाणीची लाल माती वाहून वाहून अंगात मुरली आहे.

कारखान्यातून आलो तेव्हा गुरुदासबाबांच्या बायकोने, सुमंगलाबाईंनी, मला ओवाळले होते. खाणी चालू होत्या तोवर माझे कोण कौतुक! बंद पडल्या तेव्हा टपावर वेली चढल्या. पुढे फेऱ्या पुन्हा सुरू झाल्या आणि एक वर्ष तर भलतेच बरे गेले.

केबिनमध्ये देवी सातेरीची तसबीर आहे. विमा असो की परवाना, नवा कागद एक दिवस देवीपाशी ठेवायचा, मगच उघडायचा, ही गुरुदासबाबांची रीत. एका सकाळी आयकराचे पाकीट आले. तेही तसबिरीमागे गेले. पण दुसऱ्या दिवशी बाहेर आलेच नाही.

मला काही स्वस्थ बसवेना. चाक खड्ड्यात गेले की पाकीट जरासे वर येई आणि गुरुदासबाब ते बोटाने आत ढकलत. एवढे काय असेल त्यात? भरल्या मालासकट मला खाणीच्या कडेवर मागे घेताना ज्यांचा हात कधी कापला नाही, ते एका कागदाला का भीत होते?

पाकीट आल्याच्या आठव्या महिन्यात भंगारवाला आला. त्याने माझ्या टायरांना लाथा मारून पाहिल्या. तेव्हा उलगडा झाला. जप्ती येणार असे कुणीतरी डोक्यात भरवले होते, म्हणून गुरुदासबाब मला विकायला निघाले होते. खोटे कशाला सांगू, मी घाबरलो.

त्यांची मुलगी क्षमा तुयेच्या कारखान्यात हिशेब बघते. रविवार असल्याने ती घरीच होती. ती केबिनमध्ये चढून वडिलांशेजारी बसली.

"बाबा, आत काय आसा ता तरी बघलंस?"

"नाय गो. धीरच होना नाय."

तिने पाकीट फोडले. एकतीस हजारांचा कर थकला होता, वर महिन्यागणिक व्याज. कंपनी फेऱ्यांच्या पैशांतून थोडा कर कापून घेई. उरलेला गुरुदासबाबांनी स्वतःच मोजून आयकराच्या फॉर्ममध्ये लिहिला होता, पण भरलाच नव्हता.

"फॉर्म धाडलंय म्हणजे झाला, असा वाटला माका."

"आणि एवढ्यासाठी तू टिपर विकतलंस?" क्षमा हसली. मग तिला वडिलांचे भरलेले डोळे दिसले आणि ती हसायची थांबली.

भंगारवाल्याला चहा पाजून परत पाठवले. क्षमाने हप्त्यांसाठी अर्ज लिहिला, आयकराच्या साहेबांनी तो मान्य केला. चार हप्ते होते. चारही माझ्या फेऱ्यांतून फिटले, म्हणजे थोडा कर मीही भरला की!

मित्रांनो, तुमच्या घरातले एखादे मोठे माणूस असेच एखादे पाकीट उघडायचे टाळत असेल, तर हसू नका, रागावू नका. शेजारी जाऊन बसा. आठ महिने गुरुदासबाब माझ्यात एकटेच बसत होते, आणि मला बोलता येत नव्हते.