सगळ्यांचे हात वर

ग्वेनच्या पायाला भिंगरी आहे असं सगळं होउगोउ गाव म्हणायचं, आणि त्यात खोटं काही नव्हतं. साठीला टेकलेली बाई, पण एका जागी बसेल तर शपथ. वर्गात शेवटच्या बाकावर बसवलं की थोड्या वेळात उठून भिंतीपाशी, भिंतीपासून खिडकीपाशी, आणि तिथून थेट पोरांच्या मधोमध, जमिनीवर गुडघे टेकून. पोरांना गंमत वाटे. हेडसरांना मात्र घाम फुटे, कारण परदेशी पाहुणीची पँट मळली तर जाब त्यांनाच द्यावा लागणार होता.

वेल्समधल्या एका लहान शाळेची मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाली आणि ती चीनमधल्या गांसू प्रांताच्या या कोरड्या डोंगरांत स्वयंसेवक म्हणून आली. काम एकच, खेड्यातल्या शिक्षकांना शिकवायचं कसं ते शिकवायचं. राहायला तालुक्याच्या गावी एक खोली, कोळशाची शेगडी, आणि बाजारातून काय आणलं ते पिशवीत डोकावून बघणारे शेजारी. जुलैत तिची मुदत संपत होती. मे लागल्यापासून तिला एकच गोष्ट कुरतडत होती, की दोन वर्षांत आपण इथे नेमकं केलं काय? ती आली की शिक्षक बाकं गोलात मांडत, तिची पाठ वळली की बाकं परत रांगेत. हे तिला ठाऊक होतं. तिला ठाऊक आहे हे शिक्षकांनाही ठाऊक होतं. त्यामुळे सगळे एकमेकांशी फार गोड वागत.

या सगळ्यांत खरी निघाली ती एकटी रुईफांग. श्ये रुईफांग, होउगोउच्या शाळेतली तिसरीची बाई, तिशीची, बारकी आणि तोंडाने फटकळ. सांगितलेलं ती मुकाट्याने मान डोलवून ऐकत नसे. "बाई, हे तुमच्याकडे वीस पोरांत चालत असेल, माझ्याकडे पन्नास आहेत," असं तोंडावर सांगायची आणि मग घरी जाऊन त्याच गोष्टीचं काहीतरी स्वतःचं करून आणायची.

आता रुईफांगचं सगळं एका पाठावर येऊन ठेपलं होतं. तालुक्याच्या आदर्श पाठाच्या स्पर्धेत जिचा पाठ पहिला येईल, तिची बदली तालुक्याच्या मोठ्या शाळेत होणार होती. आणि तालुक्याच्या गावी रुईफांगचा मुलगा होता, तोंगतोंग, सहा वर्षांचा, आजीपाशी वाढणारा. नवरा दूर शिंच्यांग प्रांतात बांधकामावर. डोंगरातून उतरणारी बस पाऊस झाला की बंद, बर्फ पडला की बंद. ही बदली हुकली तर पोरगं असंच परकं होऊन मोठं होणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

म्हणून सराव पाठ पाहायला, हिवाळ्यानंतर पहिल्यांदाच या वर्गात, ग्वेन गेली ती धडधडत्या काळजाने. विषय अपूर्णांक. रुईफांगने तव्यावरची जाड भाकरी हातात धरली, मोडली, प्रश्न विचारला. आणि वर्गातले सगळे हात वर गेले. सगळे. जी शियाओमान स्वतःचं नावसुद्धा पदराआड बोलल्यासारखं सांगायची, तिचाही. रुईफांगने ज्याला उठवलं त्याचं उत्तर बरोबर. पुढच्यालाही, त्याच्या पुढच्यालाही. ग्वेनचे डोळे भरून आले. दोन वर्षं फुकट गेली नाहीत, असं तिला वाटलं.

हे सुख तिला नेणारी तीनचाकी गाडी गावाबाहेर पडेपर्यंत टिकलं. मग तिला चुळबुळ सुरू झाली. इतकी पोरं, आणि एकही चुकलं नाही?

शेजारच्या खोलीत एस्त्रेला राहायची, फिलिपिन्सहून आलेली, ग्वेनसारखीच शिक्षकांना शिकवणारी, पण स्वभावाने थंड पाण्यासारखी. ती नूडल्सवर व्हिनेगर ओतत म्हणाली, "ज्या वर्गात कोणीच चुकत नाही ना, तिथे कोणी शिकतही नसतं. तू बस आधी. तू उभी असलीस की माझं जेवण उतरत नाही."

ग्वेन बसली नाही. दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने ती परत होउगोउला गेली.

शाळा अजून भरायची होती. अंगणात पोरं शाळा-शाळा खेळत होती. वर्गाचा मॉनिटर दाचुआन बाई झाला होता, बाकीची हात वर करत होती आणि तो भराभर एकेकाला उठवत होता. ग्वेनने विचारलं, "तू याला उठवलंस, तिला नाही. का?"

"तिचा डावा आहे," दाचुआन म्हणाला. इतकं साधं कसं कळत नाही, असा त्याचा चेहरा. "येत असेल तर उजवा, नसेल येत तर डावा. बाई फक्त उजवे उठवतात. तुमच्या देशात कसं करतात?"

रुईफांगची खोली वर्गामागेच होती. ती दारात बसून बटाटे सोलत होती. ग्वेनची चिनी भाषा कामापुरती होती, पण राग आला की ती भलतीच सुधारायची.

"तू मला फसवलंस."

"तुम्हाला नाही. पाठ तपासायला येणाऱ्या पांग साहेबांना फसवणार होते, तुम्ही मधे आलात." रुईफांगने सुरी थांबवली नाही. "बसा."

"दोन वर्षं मी हेच सांगत आले का? नाटक बसवा?"

"हे तुम्हीच शिकवलंत, बाई." आता तिने वर पाहिलं. "ज्याला येत नाही ते पोर कोण, हे बाईला कळायला हवं, पण वर्गापुढे त्याची शोभा नको. म्हणाला होतात ना? मी विचार करकरून थकले. इथे ज्याचा हात खाली, त्याच्याकडे अख्खा वर्ग वळून बघतो. शियाओमानला पोरं बटाटा म्हणायची. ती शाळेत यायची बंद झाली होती. मग मी हा डावा हात काढला. स्पर्धेसाठी नाही, गेल्या हिवाळ्यापासून चाललंय. तास संपला की डावे हातवाले शेगडीपाशी येऊन बसतात, आणि आम्ही परत पहिल्यापासून करतो. तिचा हात वर गेलेला याआधी कधी पाहिलात तुम्ही?"

ग्वेनने आठवून पाहिलं. नाही पाहिला हे खरंच होतं. दोन वर्षं ती स्वतःचं रोप जिथे तिथे शोधत हिंडत होती, आणि ते इथे असं उगवलं होतं की तिला ओळखूच आलं नव्हतं.

"मग आदर्श पाठात?" तिने हळूच विचारलं.

"आदर्श पाठात त्याचा फायदा होतोय तर होऊ दे. मी काही साधूसंत नाही." रुईफांगने सोललेला बटाटा हातातच धरला. "परवा घरी गेले होते. तोंगतोंगने दार उघडलं आणि आत ओरडून सांगितलं, आजी, ती शाळेवाली काकू आलीय."

तिने बटाटा पाण्यात टाकला. ग्वेन तिच्या शेजारी उंबऱ्यावर बसली आणि उरलेले बटाटे होईपर्यंत उठली नाही. हा डावा हात आपण कुणालाही सांगायचा नाही, हे तिने तिथेच ठरवलं.

पण ग्वेनच्या तोंडात तीळ भिजत नसे. एक गोष्ट गिळली की दुसरी बाहेर पडायची. परतीच्या बसची वाट बघताना पोरांनी तिला घेरलं. कुणी तिच्या हातावरचे सोनेरी केस ओढून पाहत होतं, कुणी तिच्या बुटांचा वास घेत होतं. दाचुआनने विचारलं, "पाठ पहिला आला तर आम्हाला काय मिळणार?"

मुलांशी खोटं बोलू नये, हा ग्वेनचा जन्माचा नेम. ती आनंदाने म्हणाली, "तुमच्या बाईंना मिळणार. त्या आपल्या मुलाजवळ राहायला जातील. त्यांच्यासाठी तुम्ही छान करा हं."

हातावरचे केस ओढणारा हात थांबला.

"कायमच्या?" दाचुआन.

"हो... म्हणजे, नवीन बाई येतील ना."

"आधीच्या बाई गेल्या तेव्हा बटाट्याची दोन पिकं निघाली, तरी कोणी आलं नव्हतं," दाचुआन म्हणाला. तो रागावला नव्हता. त्याने नुसती माहिती दिली. मग एकेक करत सगळी पोरं पांगली. शियाओमान तेवढी बस येईपर्यंत ग्वेनकडे बघत उभी राहिली.

त्यानंतर पाठाच्या दिवसापर्यंत ग्वेनला चैन पडलं नाही. घास तोंडात फिरे, पुस्तक उघडलं की अक्षरं पळत. रुईफांगला सांगावं? सांगितलं तर तिचा धीर सुटेल. न सांगावं, तर? ती खोलीत येरझारा घालायची आणि पलीकडून एस्त्रेला भिंतीवर ठोकायची.

"सांगून टाक," एस्त्रेला म्हणाली.

"कदाचित पोरं विसरली असतील."

"पोरं? तू किती वर्षं शिकवलंस म्हणालीस?"

ग्वेनने सांगितलं नाही. दोनदा फोन उचलला, दोनदा ठेवला. स्वतःची चूक आहे हे कळत असूनही माणूस ती कबूल करायला इतका वेळ का लावतो, कोण जाणे. वय वाढलं की सोपं होतं म्हणतात, ते काही खरं नाही.

पाठाच्या दिवशी शिक्षण खात्याचे पांग साहेब दोन परीक्षकांना घेऊन आले. हेडसरांनी खडीसाखर घातलेला चहा दिला, सूर्यफुलाच्या बिया पुढे केल्या. साहेब बिया फोडत मागच्या रांगेत बसले, शेजारी ग्वेन. रुईफांगने नवा निळा शर्ट घातला होता, त्याच्या घड्या मोडल्या नव्हत्या. पाठ सुरेख चालला. पोरांनी भाकऱ्या मोडल्या, तुकडे जोडले, कमी-जास्त लावून पाहिलं. ग्वेनला वाटलं, उगाच जीव टांगणीला लावून घेतला आपण.

मग रुईफांगने भाकरी उचलली. "अर्धी आजोबांनी खाल्ली. पाव मी खाल्ली. उरली किती?"

सगळे हात वर गेले. "वा," पांग साहेब म्हणाले.

ग्वेन पाठीमागून बघत होती, त्यामुळे चुकायला जागाच नव्हती. सगळे हात डावे होते. पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत एकूण एक डावे. दाचुआनचा सर्वांत ताठ.

रुईफांगचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, नुसते डोळे इकडून तिकडे फिरत राहिले. उजवा एकही सापडेना. थांबून चालणार नव्हतं. तिने दाचुआनला उठवलं.

"येत नाही, बाई," दाचुआन म्हणाला.

तिने दुसऱ्याला उठवलं. "येत नाही, बाई." तिसरी, जी घरचा हिशोब बापाला शिकवायची, ती उठली आणि बोलण्याआधीच रडायला लागली. "येत नाही."

पांग साहेबांची बी दातांत राहिली. रुईफांगने मान वर करून ग्वेनकडे पाहिलं, आणि ग्वेनच्या तोंडावर जे होतं ते वाचायला तिला क्षणही लागला नाही. ग्वेन अर्धी उठली. सगळं सांगून टाकायचं होतं तिला, साहेबांना, परीक्षकांना, सगळ्यांना, की दोष माझा आहे. रुईफांगने तळहात खाली करून खूण केली, बसा. आणि दोन वर्षांत पहिल्यांदाच ग्वेन सांगितल्याबरोबर बसली.

रुईफांगने भाकरी टेबलावर ठेवली. "हात खाली करा," ती म्हणाली. "तुम्हाला कुणी सांगितलं ते मी विचारत नाही. सांगायला हवं होतं मीच. मला मुलगा आहे. तुमच्याहून लहान. तो मला काकू म्हणतो."

"श्ये बाई," पांग साहेब म्हणाले, "हे पाठाच्या टिपणात नाही."

"नाही साहेब. जरा थांबा." ती पोरांकडे वळली. तिचा आवाज कापत होता आणि तिने तो लपवला नाही. "तुम्ही मला नकोसे झालात म्हणून मी जात नाही. तुम्हाला सोडायचं म्हटलं की मला रडू येतं. तरी मला जायचंय. आता मी परत विचारते. ज्याला जो हात वर करायचा तो करा, मी रागावणार नाही. भाकरी उरली किती?"

बाहेर कुणाचं तरी गाढव ओरडून गप्प झालं. मग पुढच्या बाकावरून एक हात वर आला, उजवा. मग दोन. मग खिडकीकडची अख्खी रांग. दाचुआन बाकाकडे बघत बसला होता. सगळ्यांत शेवटी त्यानेही उजवा हात वर केला, खांद्याच्या वर जेमतेम.

रुईफांगने त्यालाच उठवलं.

"पाव उरली," तो म्हणाला, बसला आणि त्याने बाकावर डोकं टेकलं.

पांग साहेबांनी नाक शिंकरलं आणि कागदावर काहीतरी लिहिलं. पुढे जूनमध्ये निकाल लागला त्यात रुईफांग पहिली होती आणि तिच्या बदलीचा हुकूमही आला. पण त्या घडीला हे कोणालाच माहीत नव्हतं. त्या घडीला सगळे हात एकेक करून खाली येत होते आणि शियाओमानचा तेवढा येत नव्हता. उजवा हात, कोपर कानाला टेकलेलं, बोटं ताठ. शेजारणीने तिची बाही ओढली, तरी नाही. कालच शेगडीपाशी तिने चार तुकड्यांचे पाच मोजले होते. रुईफांगला हे माहीत होतं. परीक्षकांपुढे हिला उठवणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण, हेही माहीत होतं.

"शियाओमान," रुईफांग म्हणाली.

शियाओमान उठली. तिचा आवाज पहिल्यांदाच मागच्या भिंतीपर्यंत पोचला.

"मला येत नाही, बाई," ती म्हणाली. "पण तुम्ही जा."