पावणं कोण?

एक खोडरबर, निम्मा झिजलेला.

कागलच्या एमआयडीसीत पहिली पाळी सातला लागते.

चहा तीन कप, त्यातला एक बिनसाखरेचा.

सहकारी बँकेच्या जयसिंगपूर शाखेत क्लार्कची एक जागा.

मुलाखतीचे गुण पेन्सिलीनं लिहायचे, ही बँकेची जुनी रीत. अध्यक्ष विजयसिंहदादा, संचालक भाऊसो आणि कर्मचारी विभागाच्या शालनताई, तिघांनी विचारायचं, लिहायचं शालननं. शेवटी दादा यादी बघत, दोनचार आकडे खोडायला लावत, मग त्यावर शाई फिरे. इतक्या वर्षांत शालनचा हात कधी अडखळला नव्हता.

आधी धैर्यशील आला. भाऊसोंचा सख्खा भाचा.

"मुदत ठेव म्हंजे काय?" मामांनीच विचारलं.

"ठेव... मुदतीची."

"बराबर हाय की!"

शालननं चाळीसपैकी अडतीस लिहिले. लेखीचे त्याचे चाळीस होते, साठपैकी.

मग तेजस्वी. लेखीत एक्कावन्न, सगळ्यांत वर. विचारलं तेवढं तिनं सांगितलं. नॉमिनीचा नियम भाऊसो चुकीचा बोलले, तोही हळू आवाजात दुरुस्त केला. दादांनी तिचं आडनाव पुन्हा विचारलं. तिनं पुन्हा सांगितलं. भाऊसोंनी दादांकडं बघितलं.

मग दादांचा ठरलेला शेवटचा प्रश्न, नात्यागोत्याचा. "पावणं कोण तुमचं?"

"वडील कागलला फौंड्रीत आहेत, पहिल्या पाळीला, साहेब. आई अंगणवाडीत."

"तसं न्हवं. आमच्या वळखीतलं कोण? कुणीच न्हाय?"

"पावणं हाईत की, साहेब. तुमच्या वळखीचं न्हाईत."

भाऊसो हसले. दादा हसले नाहीत. शालननं तेहतीस लिहिले.

ती गेल्यावर दादांनी कागद ओढला. "हिचं पंचवीस करा. एकूण हिचं शहात्तर, भाच्याचं अठ्ठ्याहत्तर. बसलं."

शालननं खोडरबर उचलला. "दादा, पोरगी हुशार हाय."

"कोण न्हाय म्हणतंय? लागंल की कुठंबी. आपल्या पोरास्नी कोण घेणार?"

"चहा निवतोय, बाई," भाऊसो म्हणाले.

शालननं खोडरबर खाली ठेवला, पर्समधलं पेन काढलं आणि तेहतीसवर शाई फिरवली. सावकाश, दोन्ही तीन नीट. खाली सही केली.

"हे काय केलंसा?"

"गुण लिवलं, दादा."

"तिकडं लांब गारगोटी शाखेत जागा रिकामी हाय, ठावं हाय न्हवं?"

"जाते की."

दादांनी दुसरी यादी टाइप करून आणवली. तिच्यावर शालननं सही केली नाही, आणि कर्मचारी विभागाच्या सहीवाचून यादी पुढं सरकत नव्हती. दोन दिवस वाट बघून दादांनी पहिलीच यादी पाठवली. एक तारखेला तेजस्वी जयसिंगपूरला रुजू झाली. त्याच दिवशी शालननं गारगोटीच्या हजेरीपटावर सही केली.

सोळा वर्षांपूर्वी, मुलाखतीच्या त्याच खोलीत, शालननं शेवटच्या प्रश्नाला एका आमदाराचं नाव सांगितलं होतं. ते तिचे कुणी लागत नव्हते.