रिकाम्या खाचेचा कीबोर्ड

मित्रांनो, हसू नका हं, पण माझं एक बटण गायब आहे. मी एक जुना कीबोर्ड! यवतमाळच्या दुकानातून कॉम्प्युटर ऑपरेटर विक्कीच्या मांडीवर बसून, एसटीनं, नेर गावाकडच्या एका छोट्या दवाखान्यात आलो. काय थाट होता माझा! विक्की रोज मला फडक्यानं पुसायचा. पेशंटचं नाव आणि त्रास माझ्यावर टाइप व्हायचा, चिठ्ठी छापून निघायची. ती पाहूनच सत्यशीला सिस्टर ठरवायच्या, आधी आत कोणाला घ्यायचं.

रांग वाढली तसा विक्कीनं शॉर्टकट केला. F9 दाबलं की आपोआप 'ताप' उमटायचं. महिन्याभरानं वरच्या साहेबांचा फोन आला, "काहून बे, साऱ्या गावाले तापच येते का?"

मग या हुशारानं स्क्रिप्टच बदलली. आता F9 दाबलं की सात आजारांतला कोणताही एक यायचा. कोणता, ते त्यालाही ठाऊक नसायचं. साहेब खूश! खरं सांगतो, मीसुद्धा फुगलो होतो.

त्या वर्षी शेतातली पऱ्हाटी, म्हणजे कापसाची झाडं, डोक्याच्याही वर वाढली होती. फवारलेलं विष फवारणाऱ्याच्याच तोंडावर पडायचं. एका दुपारी तांड्यावरची जमनी नवऱ्याला, फुलचंदला, धरून घेऊन आली.

"भाऊ, फवारून आले तवापासून उलट्याच होऊन राह्यल्या. डोयानं दिसूनही नाही राह्यलं."

"हो हो, मावशी, नाव सांग."

विक्कीची नजर रांगेवर आणि बोट F9 वर. उमटलं, 'खोकला'.

सिस्टरला मान वर करायला सवड नव्हती. चिठ्ठी पाहून म्हणाल्या, "खोकलेवाले मांगं बसा."

जमनीला वाचता येत नव्हतं. ती फुलचंदला धीर देत होती, "भाऊनं लिवलं हाये कागदावर. बलावतीन आता."

चौदा जणांनंतर बोलावलं. फुलचंद भिंतीला टेकून बसला होता, तो उठलाच नाही.

तेरवी झाल्यावर जमनी तीच चिठ्ठी घेऊन आली.

"भाऊ, वाचून दाखव."

विक्कीनं चिठ्ठी हातात घेतली आणि पुन्हा टेबलावर ठेवली.

"वाच ना."

"खोकला," विक्की पुटपुटला.

"त्याईले खोकला कधीच नव्हता, भाऊ."

ती ओरडली नाही. चिठ्ठीची घडी करून निघून गेली. विक्कीनं पेनाच्या टोकानं माझं F9 उपटून काढलं आणि कितीतरी वेळ मुठीत धरून बसला.

मित्रांनो, आम्हां वस्तूंना जरूर जपा, पुसा. पण समोरचा माणूस काय सांगतो ते आधी ऐका, आणि तेच लिहा. माझ्या रिकाम्या खाचेत आता धूळ साचते. तेवढी मात्र पुसू नका.