केल्विन ट्रेगेन्झा कुणाच्या बाजूचा

आपल्या पोराला, जॅरडला, मेलबर्नच्या मोठ्या क्लबानं काढून टाकलं, याचं केल्विन ट्रेगेन्झाला फारसं वाईट वाटलं नव्हतं. काढतातच. दर वर्षी दोन-चार पोरं वर जातात, तेवढीच खाली येतात, आणि खाली आलेल्यानं गुपचूप गावच्या संघाचा शर्ट अंगात चढवायचा असतो. केल्विन स्वतः आपल्या गावाकडून, बूलारूककडून, गुडघा संपेपर्यंत फूटी, म्हणजे ऑस्ट्रेलियातला फुटबॉल, खेळला होता. बोटं वाकडी झाली, नाक दोनदा फुटलं, आणि त्याबद्दल क्लबानं त्याचं नाव बारच्या भिंतीवर, संडासाच्या दाराशेजारी, सोनेरी अक्षरांत लिहिलं होतं. पोरगाही त्याच वाटेनं जाणार, असं त्यानं धरून ठेवलं होतं.

पोरगा अमेरिकेला गेला. पंटर व्हायला.

"पंटर म्हणजे घोड्यांवर पैसे लावणारा ना?" बारमध्ये कुणीतरी विचारलं.

"त्याचं तरी बरं. तो निदान जिंकायच्या आशेवर असतो," केल्विन म्हणाला. मग त्यानं सगळ्यांना समजावून सांगितलं. "तिकडचा खेळ असा. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढं सरकायचं. तीन फसले की चौथ्याला आमचा जॅरड आत येतो, चेंडू लांब मारून समोरच्यांना देऊन टाकतो, आणि परत जाऊन बसतो. झालं काम. त्यासाठी शिक्षण फुकट, घर फुकट, जेवण फुकट. आपला संघ गेली कित्येक वर्षं चेंडू समोरच्यांनाच देतोय, आपल्याला कुणी साधं सँडविच विचारलं नाही."

हा विनोद त्यानं तीन वर्षं चालवला. पोराची मॅच बघायला मात्र तो कधी बसला नाही. रविवारी सकाळी त्याची बायको रोझलिन चहा घेऊन टीव्हीसमोर बसायची, आणि नेमकं त्याच वेळी केल्विनला टोपी घ्यायला घरात यावं लागायचं.

"किक मारली का?"

"दोनदा."

"बरं," म्हणून तो जायचा. टोपी बहुधा डोक्यावरच असायची.

चौथ्या वर्षी आमंत्रण आलं. शिक्षण संपवून बाहेर पडणाऱ्या पोरांची घरच्या मैदानावरची शेवटची मॅच. आई-बापांना मैदानाच्या मध्यापर्यंत मिरवत नेणार. नोव्हेंबर सरत आला होता, गहू कापणीला उभा होता. रोझलिननं विमानाची तिकिटं टेबलावर ठेवली.

"आणि गव्हाचं काय?"

"गव्हाशी बोलले मी. थांबतो म्हणाला."

मक्याच्या शेतांमधलं ते विद्यापीठाचं गाव केल्विनला बरं वाटलं, पण स्टेडियम बघून तो चक्रावला. आपला अख्खा जिल्हा आत बसवला असता तरी वर मेंढ्यांना जागा उरली असती. जॅरड सव्वीस वर्षांचा, दाढी राखलेला. वर्गातली अठरा-अठरा वर्षांची पोरं त्याला काका म्हणत आणि, तिकडं एकविसाच्या आत मिळत नाही म्हणून, बिअर आणायला पिटाळत. त्यानं आई-बापाला सगळं फिरवून दाखवलं. नुसत्या किकसाठी वेगळा कोच होता. त्या कोचला मदतनीस होता. त्याच्या पलीकडे एक गृहस्थ चेंडू दाबत बसला होता.

"हा काय करतो?"

"चेंडूत हवा किती आहे ते बघतो."

"अख्खा माणूस?"

"पगारी, बाबा."

रात्रीच्या जेवणाला जॅरड संघातल्या दुसऱ्या पंटरला घेऊन आला. टोबी नावाचा लाजरा, लांब पायांचा पोरगा. जॅरडला काही झालं तर असावा म्हणून ठेवलेला.

"हा आपल्या शेजारचाच आहे, बाबा. टॅनिंगाचा."

केल्विननं काटा खाली ठेवला. टॅनिंगा आणि बूलारूक यांच्यात रस्ता एक आणि भांडणं शंभर. "कुणाचा तू?"

"नेव्हिल हॅस्केटचा. बाबा तुमची आठवण काढतात."

"काढणारच," केल्विन म्हणाला आणि नाक चोळलं. दोनदा फुटलेल्या त्या नाकावर एकदा नेव्हिल हॅस्केटचं कोपर बसलं होतं.

मॅचच्या दिवशी रोझलिनच्या हातात फूल दिलं आणि केल्विनला पाठीवर 'ट्रेगेन्झा' लिहिलेला शर्ट चढवला. तो पोटावर जरा ताणला गेला. तिघं मैदानाच्या मधोमध उभे राहिले आणि ऐंशी हजार माणसांनी टाळ्या वाजवल्या. केल्विननं टोपी डोळ्यांवर ओढून घेतली. त्याचं खापर त्यानं थंडीवर फोडलं.

मग खेळ सुरू झाला, आणि घात झाला. जॅरडचा संघ सुरेख खेळायला लागला. चेंडू हातात आला की सरळ पुढं, पुढं, आणि गुण. परत चेंडू, परत गुण. चौथ्या प्रयत्नाची वेळच येईना. जॅरड कडेला हेल्मेट घालून उभा. मधूनच कडेच्या जाळीत एक किक मारायचा आणि परत उभा राहायचा.

"जाळीत मारलेली बघायला अर्धी पृथ्वी ओलांडून आलो का मी?"

"हळू बोल," रोझलिन म्हणाली.

मध्यंतरापर्यंत एकही किक नाही. त्यानंतर लगेच जॅरडच्या संघातल्या एका दांडग्या पोराच्या हातून चेंडू निसटला, दोन प्रयत्न वाया गेले, आणि केल्विन उभा राहून टाळ्या वाजवू लागला.

शेजारच्या बाईंनी वळून पाहिलं. "अहो, तो आपला पोरगा आहे. म्हणजे माझाच."

"असं का? फार छान सोडला त्यानं."

तिसरा प्रयत्न साधला आणि केल्विन मटकन खाली बसला. त्यानंतर त्यानं लाजलज्जा गुंडाळून ठेवली. "धरा त्याला," तो पाहुण्या संघाला ओरडून सांगू लागला. "पाय धर, पाय. अरे, तुम्हाला शिकवलं कुणी?" आजूबाजूची मंडळी वळून बघायला लागली. रोझलिन फुलात तोंड खुपसून बसली. शेवटी एक रखवालदार वर आला.

"सर, पाहुण्या संघाचे लोक त्या बाजूला बसतात."

केल्विननं उभं राहून पाठ दाखवली. "मी पंटरचा बाप आहे."

रखवालदारानं गुणफलकाकडे पाहिलं. पंचेचाळीस विरुद्ध तीन. "वाईट वाटलं, सर," असं म्हणून तो निघून गेला.

खेळ संपत आला तेव्हा कोचनं राखीव पोरं आत घातली, आणि देवाच्या कृपेनं ती कच्ची निघाली. एक प्रयत्न फसला, दुसरा फसला, तिसराही. केल्विननं रोझलिनचा दंड आवळला. कडेवरून पंटर धावत आत आला. उंच, लांब पायांचा. पाठीवर नाव होतं हॅस्केट.

निकाल लागल्यासारखाच होता. कोचनं नव्या पोराला सवय व्हावी म्हणून पाठवलं होतं. टोबीनं चेंडू घेतला, दोन पावलं टाकली आणि मारला. तो दिव्यांच्या खांबांच्या वर गेला, तिथं जरा थांबल्यासारखा वाटला, आणि पार टोकाला, कोपऱ्यात जाऊन पडला. केल्विन भानावर आला तेव्हा त्याचे हात टाळ्या वाजवत होते.

संध्याकाळी जॅरड आला तो चेहरा पाडूनच. "टीव्हीवर दाखवलं, बाबा. परत परत दाखवलं. आमच्या पोराच्या हातून चेंडू सुटतोय आणि माझा बाप टाळ्या पिटतोय."

"मी तुझ्याच बाजूनं होतो."

"माझी बाजू म्हणजे ती पोरं. मला आत बोलवायची वेळ आली नाही, तर तो आमचा सगळ्यात चांगला दिवस असतो."

"मग तू तिथं असतोस तरी कशाला?"

"पदवी मिळते. दोन्ही गुडघे शाबूत राहतात. तुला काय मिळालं?"

केल्विनला बारची भिंत आठवली, आणि त्या शेजारचं दारही. "मी खेळलो," तो म्हणाला.

"जेवा आता दोघं," रोझलिन म्हणाली, आणि दोघं जेवले.

ते परतले. पुढच्याच शनिवारी जॅरडचा संघ दुसऱ्या गावी जाऊन सपाटून हरला. जॅरडनं नऊ वेळा किक मारली, आणि वर्तमानपत्रांनी लिहिलं की संघात धड खेळलेला तो एकटाच. केल्विन त्या वेळी हार्वेस्टरच्या केबिनमध्ये बसून गहू कापत होता. रोझलिननं फोनवर आकडा सांगितला तेव्हा त्यानं मशीन बंद केलं आणि तिला तो परत एकदा सांगायला लावला.

कापणी आटोपल्यावर तो बारमध्ये गेला. पहिला आठवडा लोकांनी त्याला बघून टाळ्या वाजवल्या. कुणाच्या हातून ग्लास निसटला की हटकून त्याच्याकडे बघायचे. तेही ओसरलं. मग एका संध्याकाळी बूलारूकच्या बारमध्ये सहसा न दिसणारा माणूस आत आला आणि केल्विनसमोर बसला. नेव्हिल हॅस्केट. केस पार पांढरे झाले होते.

"टीव्हीवर पाहिलं तुला."

"कुणी नाही पाहिलं?"

"टोबीच्या किकलाही टाळ्या वाजवत होतास."

"हात गार पडले होते."

नेव्हिलनं मान हलवली. उठला मात्र नाही. "आम्हाला काही जाता आलं नाही. टीव्हीवाले किक दाखवतात कुठं? पाय दाखवतात, आणि एकदम तो पलीकडे चेंडू झेलायला धावणारा. मधलं काहीच नाही. वर किती गेला रे?"

केल्विननं ग्लासात पाहिलं. ठीक होती, वाऱ्यानं नेली, एवढं म्हणून भागलं असतं. अशा संधीची त्यानं निम्मं आयुष्य वाट पाहिली होती. त्यानं ग्लास बाजूला सारला, मिठाची डबी मधे ओढली आणि सांगायला लागला. टोबीनं पाय कुठून आणला, चेंडू पायावरून सुटताना कसा आवाज झाला, दिव्यांच्या वर तो कसा रेंगाळला, खालचा तो झेलणारा बिचारा कसा मागं मागं गेला आणि शेवटी नाद सोडून नुसता बघत राहिला. सांगता सांगता तो उठून उभा राहिला. नेव्हिल तोंड उघडं टाकून ऐकत होता, आणि पलीकडच्या टेबलावरचेही खुर्च्या वळवून बसले होते.

"आणि तुझ्या जॅरडनं?" नेव्हिलनं शेवटी विचारलं. "त्यानं कशी मारली?"

केल्विन खाली बसला आणि मिठाची डबी जागेवर ठेवली.

"त्याची गरजच पडली नाही," तो म्हणाला. "इतकं चांगलं खेळत होते ते."