दोन घरं वर, दोन घरं खाली

दर्यापूरच्या बाजारात माणिकबाई फुलं विकायची आणि तिच्या समोरच कुलसुमबीचं बांगड्यांचं दुकान होतं. वीस वर्षं या दोघींनी मिळून गावातली लग्नं गायली. हळद कोणाच्याही घरची असो, दोघी मांडवात येऊन बसल्या, की मगच वाटी पुढं सरकायची.

पण पार्वताबाईच्या पोरीच्या हळदीला कुलसुमबीनं गाणं इतकं वर उचललं, की माणिकबाईचा आवाज मधेच फाटला. बाया तोंडाला पदर लावून हसल्या.

"मुद्दाम केलं इनं," माणिकबाई सगळ्यांदेखत म्हणाली.

"तुह्या गळ्यात दम नाई, त्याले मी काय करू?" कुलसुमबीनं सुनावलं.

त्यानंतर दोन वर्षं दोघी रोज समोरासमोर बसल्या, पण एकमेकींशी एक शब्द बोलल्या नाहीत.

दोन हजार सहा साली माणिकबाईच्या पोरीचं, प्रतीक्षाचं, लग्न अकोल्याला ठरलं. त्या साली कापसाला भावच नव्हता; घरोघरच्या लग्नांतून आधी बॅण्ड गेला, मग जेवणातलं एकेक गोड पक्वान्न गेलं. आपल्याही लग्नात बॅण्ड नाही म्हटल्यावर प्रतीक्षा उठून थेट मैत्रिणीकडे, सबीहाकडे गेली. सबीहा कुलसुमबीची भाची; ती तिला फुफी म्हणायची, म्हणून प्रतीक्षाही फुफीच म्हणायची. मागच्या खोलीत कॉम्प्युटरवर ती दुकानांच्या जाहिराती रेकॉर्ड करून द्यायची. जीपवर भोंगा बांधून त्या गावोगाव वाजायच्या.

"बॅण्ड नाई तर नाई," प्रतीक्षा म्हणाली, "पण हळदीले मले माय अन् फुफी दोघीचं गाणं पायजे."

"अवं, त्या एका मांडवात गातीन तवा ना!"

"मांडवात नाई गात, तर तुह्या कॉम्प्युटरात गाऊ दे."

सबीहानं आधी ढोलक वाजवून कॉम्प्युटरात भरून ठेवला. सोमवारी माणिकबाई आली. कानाला हेडफोन लावून, डोळे मिटून तिनं ढोलकाच्या तालावर गाणं म्हटलं:

मांडवाच्या मेढीले झेंडूची माळ,
साधी माही लेक, नवरदेवा सांभाळ.

बुधवारी कुलसुमबी आली. तेच गाणं तिनं तशाच जोरात म्हटलं आणि वर विचारलं, "लई मोठा तं नाई झाला न आवाज?" माणिकबाई येऊन गेल्याचं सबीहानं सांगितलं नाही.

गुरुवारी सकाळी प्रतीक्षाला शेजारी खाटेवर बसवून सबीहा दोन्ही आवाज जुळवायला बसली. ताल बरोबर बसला, पण सूर कुठे जुळायला! पडद्यावर सुरांची घरं आखलेली होती; कुलसुमबीची पट्टी माणिकबाईपेक्षा बरोबर चार घरं वर होती. एकत्र वाजवलं, तर दोघी खरंच भांडत असल्यासारखं वाटायचं.

सबीहानं माणिकबाईचा आवाज चार घरं वर नेला. स्पीकरमधून बकरीचं पिल्लू ओरडावं तसं गाणं निघालं. मग तिनं तो जागेवर आणून कुलसुमबीला चार घरं खाली उतरवलं. आता फुफीच्या तोंडून कोणी मिशीवाला मामलेदार गात होता. प्रतीक्षा हसता हसता खाटेवरून खाली घसरली.

"याहीत चूक कोनाची होती व?" तिनं डोळे पुसत विचारलं.

"कोनाचीच नाई. दोघीचे गळेच येगळे."

सबीहा पुन्हा पडद्याकडे वळली. मग तिनं माणिकबाईला दोन घरं वर घेतलं आणि कुलसुमबीला दोन घरं खाली. बटण दाबलं. खोलीत जणू दोन बाया एकाच पाटावर बसून गाऊ लागल्या. माणिकबाईचा आवाज थोडा कोवळा झाला होता, कुलसुमबीचा थोडा मऊ. पण ओळखू येत होत्या दोघी. प्रतीक्षाचं हसू थांबलं. तिनं सबीहाचा हात धरला आणि म्हणाली, "पुन्हा लाव."

हळदीच्या सकाळी कुलसुमबी मांडवात चुडा भरायला आली. नवरीला बांगड्या तीच भरणार, त्यात भांडणाचा काही संबंध नव्हता. ती माणिकबाईकडे पाठ करून बसली. हिरव्या बांगड्या मनगटावर चढत होत्या, तेवढ्यात सबीहानं गाणं लावलं.

पहिल्या ओळीला माणिकबाई थबकली. दुसऱ्या ओळीला कुलसुमबीच्या हातातली बांगडी तशीच राहिली.

"हे मी हाय," माणिकबाई म्हणाली. "पन मी एवढं वर कवा गायली?"

"अन् मले कोनं खाली ओढलं?" कुलसुमबी वळली. दोन वर्षांत पहिल्यांदा तिनं माणिकबाईच्या तोंडाकडे पाहिलं.

सबीहानं घाबरत घाबरत सगळं सांगितलं. बकरीचं पिल्लूही सांगितलं आणि मामलेदारही. मांडवातल्या बाया हसायला लागल्या. आधी कुलसुमबीला हसू फुटलं, मग माणिकबाईला, आणि दोघींचं पोट दुखेपर्यंत ते थांबलं नाही.

"माह्या गळ्याले तेवढं वर जमत नव्हतं, बीबी," माणिकबाई श्वास घेत म्हणाली. "सांगाची लाज वाटे."

"मी रागात बोलली, पन तुले खरंच जमत नाई हे मले मालूमच नव्हतं व. मले वाटे तू रुसली." कुलसुमबीनं उरलेली बांगडी प्रतीक्षाच्या हातात चढवली आणि ती माणिकबाईजवळ सरकून बसली. "बरं, आता तू उचल. जिथून तुले झेपन तिथून. मी येतो तुह्या मागं."

माणिकबाईनं घसा साफ केला आणि नेहमीपेक्षा जरा वरून सुरुवात केली. कुलसुमबी नेहमीपेक्षा जरा खालून आली. दोन ओळींत दोनदा सूर हुकला, तिसऱ्यांदा बसला. हळदीची वाटी पुढं सरकली, बाया टाळ्या वाजवू लागल्या.

तिसऱ्या दिवशी वऱ्हाड अकोल्याला निघालं. एका जीपमध्ये चौदा जणी, मधे दोघी मांडीला मांडी लावून बसलेल्या. ड्रायव्हरनं टेप लावला, तो कोणालाच ऐकू येईना, म्हणून त्यानं बंद केला. अकोल्याच्या पुलापर्यंत दोघींची अकरा गाणी झाली होती, आणि बारावं कोणी उचलायचं यावरून वाद चालू होता.