वरचा लेंपर

खेळता खेळता, फिरता फिरता मुलांना गणित शिकवा, असं लारासने शंभर ठिकाणी वाचलं होतं. हे लिहिणाऱ्यांना स्वतःची पोरं नसावीत, अशी आता तिची खात्री पटत चालली होती. सोमवारी सेकारला शाळाप्रवेशाच्या तोंडी परीक्षेला न्यायचं होतं. गेल्या वर्षी बाईंनी "अजून तयार नाही" म्हणून पोरीला परत पाठवलं, तेव्हापासून लारासच्या जिवाला घोर लागला होता. आज बाजाराच्या वाटेत सायकलरिक्षाची चाकं मोजून झाली, मशिदीच्या पायऱ्या मोजून झाल्या. दर वेळी सेकार आधी आईच्या तोंडाकडे बघायची आणि मग चाचरत आकडा सांगायची.

बाजारात सगळ्यांची मावशी असलेली बूदे सुमी नेहमीच्या जागी टोपली मांडून बसली होती. केळीच्या पानात गुंडाळलेले चिकट भाताचे लेंपर अजून गरम होते.

"पाच घे. मोजून," लारास म्हणाली.

सेकारने एकेक करत पाच लेंपर पिशवीत टाकले. बूदे सुमीने हसत वर आणखी एक टाकला. "हा वरचा, इंबुह. माझ्या छबुकडीला."

"आता किती झाले गं?" लारासने विचारलं.

"पाच."

"नीट बघ. पाच होते, बूदेनं एक दिला. पाच आणि एक?"

"सहा."

"मग पिशवीत किती?"

"पाच."

लारासचं डोकं भणाणलं. "अगं, आत्ता सहा म्हणालीस ना?"

"पण इंबुह मोजायचा नसतो, इबू."

"बरोबर बोलतेय पोर," बूदे सुमी म्हणाली. "मायेनं दिलेलं कुणी मोजतं का? एवढीशी होतीस तेव्हा तू तरी कधी मोजलंस?"

"तुम्ही मध्ये पडू नका, बूदे! सोमवारी बाई विचारतील, तेव्हा तुम्ही येणार आहात का सांगायला?"

आजूबाजूच्या बायका माना वळवून बघायला लागल्या. लारासला लाज वाटली आणि त्यापायी ती आणखीच चिडली. "सेकार, शेवटचं विचारते. पिशवीत किती?"

 सेकारने पिशवीत हात घातला, वरचा लेंपर काढला आणि टोपलीत परत ठेवून दिला.  एवढ्या वर्षांत बूदे सुमीचा इंबुह कुणी परत केला नव्हता.

"आता पाचच आहेत," सेकार म्हणाली. "आता नको ना रागावू."

उत्तर अगदी बरोबर होतं. पण लारासला शाबास म्हणवेना.